पगाराचा बटवडा : क्वीन्सलंड आणि कॅनडा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक सपाट तुकडा जपून ठेविलेला आहे. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकीर्दीचे चाळिसावे वर्ष चालू असता, म्हणजे आजपासून सुमारे ३२०० वर्षांपूर्वी, दिअर एल-मदीना येथील कोणा लेखनिकाने त्या तुकड्यावर हजेरी मांडली. राजांची थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. तुकड्यावर चाळीस जणांची नावे असून प्रत्येकाच्या नावापुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईने व त्यांची कारणे तांबड्या शाईने लिहिली आहेत. कोणी आजारी पडला, कोणाचे डोळे आले, कोणाला विंचू चावला, कोणी आईच्या अंत्यविधीत गुंतला, तर कोणी घरी यवाचे मद्य गाळीत बसला. सरकारी नोकरांची इतकी जुनी आणि इतकी बोलकी हजेरी जगात फारच थोडी उरली असेल. ती मांडणारा लेखनिक त्याच वस्तीतला होता. विंचू कोणाला चावला आणि मद्य कोणी गाळिले हे त्याला कोणाला विचारावे लागत नव्हते.

याच वस्तीत पुढे, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, आणखी एक घटना घडली. कारागिरांचा पगार धान्याच्या रूपाने मिळत असे. त्या साली महिन्याचे अठरा-वीस दिवस उलटले तरी गहू आणि जव वस्तीत पोहोचले नाहीत. तेव्हा कारागिरांनी हत्यारे खाली ठेविली, थडग्यांच्या आवाराच्या भिंती ओलांडल्या आणि ते तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हांस येथे आणिले, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. अमेननख्त नावाच्या लेखनिकाचे या प्रकरणाशी संबंधित टिपण इटलीतील तुरिन शहराच्या संग्रहालयात आहे. लेखी पुरावा असलेला जगातील हा पहिला संप, असे इतिहासकार मानतात. आणि तो मजुरी वाढवून मिळावी म्हणून झालेला नसून, ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी न मिळाल्यामुळे झालेला आहे.

राज्य आणि राज्याचा नोकर यांच्यामधला हा करार फार पुरातन आहे. नोकराने हुकूम पाळावा, रात्रीबेरात्री कामावर रुजू व्हावे, बदली होईल तिकडे जावे. आणि राज्याने ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम त्याच्या हाती ठेवावी. राजा गेला आणि लोकसत्ता आली, धान्य गेले आणि नाणे आले, नाणे गेले आणि पेढीतील आकडा आला, तरी हा करार पालटला नाही. पालटले ते बटवड्याचे साधन. चुनखडीच्या तुकड्याची जागा कागदी हजेरीपटाने घेतली, हजेरीपटाची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाने घेतली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगातील कित्येक सरकारांनी सारे वेतन एका मध्यवर्ती संगणकी प्रणालीवर सोपविण्याचे ठरविले. त्यांतील दोन सरकारांचा अनुभव इतका महाग पडला की त्याची चौकशी होऊन तपशीलवार अहवाल प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड हे राज्य आणि कॅनडाचे मध्यवर्ती सरकार, ही ती दोन होत.

प्रथम क्वीन्सलंडची हकीकत पाहू. या राज्याच्या आरोग्यखात्यात सुमारे ७८ ते ८० हजार माणसे कामाला होती. परिचारिका, डॉक्टर, स्वयंपाकघरातील सेवक, सफाईवाले, कारकून, असा हा मोठा कबिला. एखाद्या कचेरीचा पगार काढणे सोपे असते. प्रत्येकाची वेळ ठरलेली आणि प्रत्येकाचा महिना सारखा. इस्पितळाचे तसे नाही. तेथे दिवसपाळी, रात्रपाळी, रविवारची पाळी, सणाची पाळी यांचे दर निराळे. घरी असूनही बोलावणे येताच धावत जाण्याच्या तयारीचा भत्ता निराळा. दूरच्या खेड्यातल्या नेमणुकीचा निराळा. क्वीन्सलंडच्या आरोग्यखात्यात वेतनाविषयीचे १३ निवाडे लागू होते, भत्त्यांचे प्रकार २०० हून अधिक होते, आणि या सर्वांच्या मिसळणीने वेतनाचे सुमारे २४ हजार निरनिराळे मेळ बसत असत. पगार मिळे तो दर पंधरवड्यास.

हे काम करणारी जुनी प्रणाली ‘लॅटिस’ नावाची होती. ती बनविणाऱ्यांनी ३० जून २००८ नंतर तिची देखभाल करण्याचे नाकारले होते. जुने यंत्र केव्हाही बंद पडेल आणि ८० हजार माणसांचा पगार अडकेल, ही धास्ती राज्याच्या अधिकाऱ्यांच्या मनाने घेतली. डिसेंबर २००७ मध्ये आयबीएम या कंपनीशी करार झाला. आरोग्यखात्यासाठी एक तात्पुरती वेतनप्रणाली बसवून द्यावयाची आणि तिचे मोल सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, असे त्यात ठरले. काम २००८ च्या मध्यास पुरे व्हावयाचे होते. ते एकसारखे लांबणीवर पडत गेले. नव्या प्रणालीने काय काय करावयाचे हे आरंभी नीट लिहून काढलेलेच नव्हते. त्यामुळे अमुक गोष्ट करारात होती की नव्हती, यावर दोन्ही पक्षांत वाद चालू राहिले. परीक्षेत गंभीर दोष आढळले, तेव्हा त्यांतील कित्येकांची गणना कमी गंभीर वर्गात करण्यात आली. जुन्या आणि नव्या प्रणालीवर एकाच पंधरवड्याचे पूर्ण वेतन काढून दोन्हींचे आकडे ताडून पाहणे, ही साधी आणि शहाणपणाची गोष्टही पुरतेपणी केली गेली नाही.

१४ मार्च २०१० रोजी नवी प्रणाली सुरू झाली. त्या महिन्याच्या अखेरीस पहिला बटवडा झाला आणि गोंधळ उडाला. कोणाला काहीच मिळाले नाही, कोणाला अर्धे मिळाले, कोणाला भरमसाट मिळाले. रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या परिचारिकेला आपल्या खात्यात शून्य दिसावे आणि जो कधीच नोकरी सोडून गेला त्याच्या खात्यात मात्र वेतन जमा व्हावे, असले प्रकार घडले. जास्त मिळालेला पैसाही सुखाचा नव्हता. तो पुढे परत करावयाचा होता आणि नेमका किती परत करावयाचा याचा हिशेब कोणालाच लागत नव्हता. यंत्राची चूक निस्तरण्यासाठी माणसे वाढवावी लागली, आणि वेतनाच्या कामावर एक हजाराहून अधिक माणसे बसवावी लागली. ज्या यंत्राने कारकुनांचे श्रम वाचवावयाचे, त्याच्या सेवेला कारकुनांची पलटण उभी करण्याची पाळी आली.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी डिसेंबर २०१२ मध्ये आयोग नेमण्यात आला. निवृत्त न्यायाधीश रिचर्ड चेस्टरमन हे त्याचे प्रमुख होते. त्यांचा अहवाल २०१३ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस सादर झाला. नवी प्रणाली बसविणे, तिची दुरुस्ती करणे आणि ती चालती ठेवणे, या साऱ्याचा खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या घरात जाईल असा अंदाज एव्हाना बांधला गेला होता. अहवालाने कारणे दोन सांगितली. एक, विनाकारण केलेली घाई. आणि दुसरे, राज्याच्या अधिकाऱ्यांची बेफिकिरी. देशाच्या राज्यकारभारातील अत्यंत मोठ्या अपयशांत या प्रकरणाची गणना करावी लागेल, असाही अभिप्राय त्यात होता. कंपनीकडून भरपाई मागण्यासाठी सरकार न्यायालयात गेले. परंतु २०१० साली तडजोड करताना सरकारने आपले दावे सोडून दिले होते, असा निर्णय २०१५ मध्ये न्यायालयाने दिला आणि तोही मार्ग खुंटला.

क्वीन्सलंडमध्ये हा गोंधळ चालू असता पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, कॅनडात, नेमके हेच काम हाती घेण्यात आले होते. तेथील मध्यवर्ती सरकारचे सुमारे २ लाख ९० हजार नोकर १०१ खात्यांत व कचेऱ्यांत विखुरलेले होते. त्यांचे वेतन सुमारे चाळीस वर्षे जुन्या प्रणालीवर निघत असे. ते यंत्र जुनाट खरे; परंतु त्याच्या शेजारी प्रत्येक खात्यात वेतनाचे जाणकार कारकून बसलेले होते. कराराच्या कोणत्या कलमाचा अर्थ काय, दीपगृहावर राहणाऱ्या माणसाचा भत्ता कसा मोजावयाचा, तुरुंगावरच्या पहारेकऱ्याची जादा पाळी कोठे धरावयाची, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईची बढती कोणत्या तारखेपासून लागू करावयाची, हे त्यांना ठाऊक असे. यंत्राला जे जमत नसे ते हे कारकून हाताने भरून काढीत. वेतनाचे ८० हजारांहून अधिक नियम होते, आणि त्यांतील पुष्कळसे ज्ञान कागदावर असण्यापेक्षा माणसांच्या डोक्यात होते.

२००९ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने ही सारी व्यवस्था बदलण्यास मंजुरी दिली. योजनेचे दोन भाग होते. पहिला, नवी संगणकी प्रणाली बांधणे. दुसरा, ४६ खात्यांतील वेतनाचे काम उचलून एकाच ठिकाणी नेणे. हे ठिकाण म्हणजे न्यू ब्रन्स्विक प्रांतातील मिरामिशी हे नदीकाठचे लहान शहर. तेथे बंदुकांच्या नोंदणीची सरकारी कचेरी होती. ती नोंदणी रद्द करण्याचे सरकारच्या मनात होते, आणि तेथील लोकांचा गेलेला रोजगार वेतनकेंद्राने भरून निघेल असा हिशेब होता. निरनिराळ्या खात्यांतील सुमारे १२०० वेतन-कारकुनांच्या जागा रद्द करावयाच्या आणि त्यांच्या जागी मिरामिशीत ४६० कारकून व ९० साहाय्यक एवढ्यांवर काम भागवावयाचे. साऱ्या योजनेचा खर्च ३१ कोटी डॉलर आणि तिच्यामुळे होणारी बचत दरसाल ७ कोटी डॉलर, असा आकडा मांडण्यात आला. जुन्या कारकुनांपैकी फार थोडे आपले घरदार सोडून मिरामिशीला गेले. बाकीच्यांनी दुसरी कामे पत्करली किंवा ते निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेले.

नव्या प्रणालीला नाव देण्यात आले ‘फिनिक्स’. आपल्याच राखेतून पुन्हा जन्म घेणारा हा पाश्चात्त्य पुराणांतील पक्षी. राखेची पाळी आधी येते, हे नाव ठेवणारांच्या बहुधा लक्षात आले नसावे. २०११ मध्ये प्रणाली बांधण्याचे काम आयबीएम याच कंपनीकडे देण्यात आले. यंत्रणेच्या बांधणीसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर ठरविलेले होते. २०१२ मध्ये कंपनीने कळविले की, मागितलेले सर्व काही करावयाचे तर २७ कोटी ४० लाख डॉलर लागतील. येथे या साऱ्या कथेचे वळण आहे. अधिकाऱ्यांपुढे दोन सरळ मार्ग होते: वरिष्ठांकडे जाऊन जास्त पैसा व वेळ मागावा, किंवा काम थांबवून पुनर्विचार करावा. त्यांनी तिसराच मार्ग काढला. रक्कम तीच ठेवून प्रणालीची कामेच छाटून टाकली. जी कामे वगळली त्यांत मागील तारखेपासून लागू होणाऱ्या वेतनाचा फरक काढण्याचे काम होते. ज्याने कधी सरकारी नोकरी केली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्याला या एका वाक्याचा अर्थ सांगावयास नको. वेतनाचा नवा करार नेहमी उशिरा होतो आणि मागच्या तारखेपासून लागू होतो. बढतीचा हुकूम उशिरा निघतो. हंगामी बदलीचा कागद महिनाभराने पोहोचतो. सरकारी वेतनाचा निम्मा व्याप हा फरकाचाच व्याप असतो. नव्या प्रणालीला मात्र प्रत्येक बातमी घडताक्षणी हवी होती. खात्यांना ती सवय नव्हती, आणि ती लावून घेण्याची तयारीही कोणी करून घेतली नव्हती.

यापुढचे सर्व क्वीन्सलंडची आठवण करून देणारे आहे. थोड्या लोकांवर प्रणाली चालवून पाहण्याचा जो प्रयोग ठरला होता, तो २०१५ मध्ये रद्द झाला. परीक्षेत नापास झालेल्या कित्येक गोष्टींची पुन्हा परीक्षा घेतली गेली नाही. खात्यांनी शंका कळविल्या; त्यांचे समाधान झाले नाही. त्रयस्थ माणसाकडून साऱ्या कामाची स्वतंत्र तपासणी करून घेतली गेली नाही, आणि वरिष्ठांना खरी स्थिती पुरतेपणी सांगितली गेली नाही. दरम्यान जुन्या कारकुनांच्या जागा रद्द झालेल्याच होत्या, बचतीचा आकडा अंदाजपत्रकात बसलेला होता, आणि आता थांबणे म्हणजे तो आकडा खोटा पाडणे होते. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी ३४ खात्यांचे वेतन फिनिक्सवर निघू लागले आणि २१ एप्रिल रोजी उरलेली ६७ खाती त्यावर आली. याच सुमारास जुनी प्रणाली मोडीत काढण्यात आली. मागे परतण्याची वाट राहिली नाही.

पुढे जे घडले त्याचे आकडे कॅनडाचे महालेखापाल मायकेल फर्ग्युसन यांच्या अहवालांत आहेत. जून २०१७ पर्यंत दीड लाखाहून अधिक नोकरांच्या वेतनात काही ना काही चूक दुरुस्त व्हावयाची राहिली होती. निकालात न निघालेल्या मागण्यांची संख्या पाच लाखांच्या जवळ पोहोचली होती. कमी दिलेल्या आणि जास्त दिलेल्या रकमा मिळून ५२ कोटी डॉलरांहून अधिक रकमेची गल्लत झालेली होती. २०१६–१७ या वर्षी तपासणीसाठी निवडलेल्या नोकरांपैकी शेकडा ६२ जणांचे वेतन एकदा तरी चुकलेले आढळले.

या आकड्यांमागे घरे होती. घराचा हप्ता पेढीला ठरल्या दिवशी लागतो. पेढी फिनिक्सची सबब ऐकत नाही. कोणी गाठीची पुंजी मोडली, कोणी कर्ज काढले. बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतलेल्या स्त्रिया, उन्हाळ्यापुरते कामावर लागलेले विद्यार्थी, आणि नुकतेच निवृत्त झालेले लोक यांना विशेष झळ पोहोचली. कारण ज्याच्या स्थितीत पालट झाला त्याचेच वेतन मुख्यतः चुकत होते. मग नोकरांनी एक युक्ती काढली. बढती चालून आली तरी ती नको म्हणावयाची, दुसऱ्या खात्यात बदली घ्यावयाची नाही, यंत्राला आपली आठवण होईल असे काहीच करावयाचे नाही. जी सेवा मिळू नये म्हणून माणसे आपली प्रगती रोखून धरतात, तिच्या गुणवत्तेविषयी वेगळा पुरावा कशाला हवा?

ज्यांना जास्त रक्कम मिळाली त्यांचे हाल निराळे झाले. वेतनातून कर आधीच कापला जातो आणि उरलेली रक्कम हाती येते. परंतु चूक उघडकीस येण्यापूर्वी वर्ष उलटले तर हाती न आलेल्या करासह संपूर्ण रक्कम नोकराने परत करावी आणि तो कर नंतर दुसऱ्या खात्याकडून मागून घ्यावा, असा कायदा होता. म्हणजे चूक सरकारची आणि उसनवार नोकराची. अखेर २०१९ मध्ये हा नियम पालटण्याचे जाहीर झाले आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम तेवढी परत करण्याची मुभा मिळाली. वेतनाच्या यंत्रातील एका दोषापायी देशाच्या करकायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून त्या दोषाची मुळे किती दूर पसरली होती हे दिसते.

फर्ग्युसन यांनी २०१७ च्या अहवालात क्वीन्सलंडचा नाव घेऊन उल्लेख केला आणि दोहोंची तुलना केली. तेथे सात वर्षे लोटली, १२० कोटींहून अधिक डॉलर खर्ची पडले आणि तरीही काम संपले नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. २०१८ च्या अहवालात त्यांनी फिनिक्सला अनाकलनीय अपयश म्हटले. त्यांच्या मते दोष केवळ दोन-तीन अधिकाऱ्यांचा नव्हता. वाईट बातमी वर जाऊ नये, ठरलेली तारीख आणि ठरलेला खर्च हेच यशाचे माप मानावे, ‘नाही’ म्हणणाऱ्याला अडथळा समजावे, अशी एक वृत्ती सरकारी कारभारात मुरली होती आणि तिच्यातून हे अरिष्ट उपजले, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी कॅनडाच्या सेनेटच्या समितीने अंदाज केला की, २०२३ पर्यंत हा खर्च २२० कोटी डॉलरांपर्यंत जाऊ शकेल. दरसाल सात कोटी वाचविण्यासाठी आरंभिलेल्या कामाचा हा शेवट.

यावर उपाय कोणता झाला, हे पाहण्यासारखे आहे. निवृत्त कारकुनांना परत बोलावण्यात आले, इतर शहरांत पूरक कचेऱ्या उघडण्यात आल्या आणि वेतनाच्या कामावरील माणसांची संख्या दुपटीहून अधिक वाढली. परंतु खरा फरक पडू लागला तो एका साध्या फेरबदलाने. आरंभी मिरामिशीत काम असे चाले की, आलेला प्रत्येक अर्ज त्याच्या प्रकाराप्रमाणे निरनिराळ्या कारकुनांकडे जाई. एकाच माणसाची रजा एकाकडे, बढती दुसऱ्याकडे आणि फरक तिसऱ्याकडे. त्या माणसाची सबंध हकीकत कोणाच्याच पुढे नसे. २०१७ च्या अखेरीस निराळी रीत अजमावण्यात आली. कारकुनांचे लहान गट पाडून एकेका गटाकडे ठराविक खाती सोपविली, आणि एका माणसाची सर्व प्रकरणे एकत्र घेऊन निकालात काढण्यास आरंभ केला. ही रीत लागू पडली, आणि पुढच्या दीडेक वर्षात ती केंद्राच्या सर्व खात्यांना लावण्यात आली. म्हणजे खात्याला ओळखणारा कारकून, जो बचतीच्या नावाखाली दूर केला होता, तोच नव्या नावाने परत आणावा लागला.

नोकरांना झालेल्या मनस्तापाबद्दल २०१९ मध्ये सरकारने काही संघटनांशी करार करून पाच दिवसांपर्यंत जादा रजा देऊ केली आणि २०२० मध्ये सर्वांत मोठ्या संघटनेच्या सभासदांना २५०० डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली. फिनिक्स सोडून देण्याचा इरादा सरकारने २०१८ च्या अंदाजपत्रकातच जाहीर केला होता. तथापि सोडावयाचे म्हणून यंत्र सोडता येत नाही. दर पंधरवड्यास वेतन तर निघालेच पाहिजे. २०२५ मध्ये ‘डेफोर्स’ नावाच्या नव्या प्रणालीची अखेरची बांधणी व परीक्षा हाती घेतल्याचे जाहीर झाले. तोपर्यंत फिनिक्सला नऊ वर्षे झाली होती.

या दोन्ही हकीकतींवरून यंत्र वाईट आणि लेखणी चांगली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कॅनडाची जुनी प्रणालीही संगणकीच होती आणि ती चाळीस वर्षे चालली. तिच्यात आणि फिनिक्समध्ये फरक होता तो यंत्राभोवतीच्या व्यवस्थेचा. वेतनप्रणालीची सेवा चांगली की वाईट, हे तिच्या वेगावरून किंवा तिने कमी केलेल्या जागांवरून ठरत नाही. रक्कम बरोबर आहे काय. ती ठरल्या दिवशी मिळते काय. वेतनपत्रक वाचून सामान्य माणसाला आपला हिशेब कळतो काय. आणि चूक झालीच तर जिच्याकडे जावे आणि जिने ती निस्तरावी अशी एक ओळखीची जागा आहे काय, एवढ्यावरूनच ते ठरते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी चांगले यंत्र करू शकेल. चौथी गोष्ट माणसाचीच आहे, आणि दोन्ही सरकारांनी कात्री चालविली ती नेमकी तिच्यावर किंवा तिचा विचारच केला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन्ही ठिकाणी थांबण्याची संधी मिळाली होती. क्वीन्सलंडमध्ये परीक्षेतले दोष डोळ्यांपुढे होते. कॅनडात खर्चाचा खरा आकडा चार वर्षे आधी कळला होता, आणि क्वीन्सलंडचे उदाहरणही सहा वर्षांपूर्वीचे होते. ज्ञान अपुरे पडले असे नाही. ज्याला वेतन मिळावयाचे त्याचे नुकसान, आणि ज्याला आकडा राखावयाचा त्याची अब्रू, या दोहोंपैकी दुसरी जड ठरली.

दिअर एल-मदीनाच्या कारागिरांना त्यांचे धान्य अखेर मिळाले. देवळामागे जाऊन बसता येईल आणि आपली भूक ज्याला सांगता येईल असा एक लेखनिक त्यांच्या समोर होता. मिरामिशीचा दूरध्वनी कानाशी धरून तासन् तास वाट पाहणाऱ्या नोकराला तो आरंभीच्या काळात सापडला नाही. कोणत्याही सरकारला, कोणत्याही देशात, वेतनाचे नवे यंत्र आणावयाचे असेल तर त्याने यंत्राच्या किमतीबरोबर या लेखनिकाची किंमतही आधीच मांडून ठेवावी. ती पुढे मोजावीच लागते, आणि तेव्हा ती फार वाढलेली असते.